प्लेट कॉम्पॅक्टर पहिल्यांदा हाती घेताना: निवड, वापर आणि देखभाल

प्लेट कॉम्पॅक्टर दिसायला अगदी साधे यंत्र आहे: खाली जाड लोखंडी प्लेट, तिच्यावर छोटे इंजिन आणि मागे धरायला हँडल. या साधेपणामुळेच ते नव्या माणसाच्या हाती "दोरी ओढायची आणि मागून चालायचे" एवढ्याच सूचनेवर सोपवले जाते. मग भराव वरून घट्ट आणि खालून पोकळ राहतो, क्लच अकाली जळतो आणि चालवणाऱ्याच्या बोटांना रात्रीपर्यंत मुंग्या येत राहतात. हे काम शिकताना मला जे वेगवेगळ्या माणसांकडून, तुकड्यातुकड्यांनी आणि पुष्कळदा परस्परविरोधी ऐकायला मिळाले, ते नवीन माणसाला एका जागी आणि क्रमाने मिळावे यासाठी हा लेख आहे. इथले आकडे लहान आणि मध्यम आकाराच्या, पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांना सर्वसाधारणपणे लागू पडतात. तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात वेगळे काही दिले असेल, तर पुस्तकाचेच ऐकावे.

१. यंत्र माती कशाने दाबते, हे आधी समजून घ्या

इंजिनाच्या शाफ्टवर सेंट्रिफ्युगल क्लच असतो, म्हणजे इंजिनाचा वेग ठरावीक पातळीच्या वर गेला की आपोआप पकडणारा क्लच. तिथून व्ही-बेल्टद्वारे गती खालच्या बंद पेटीतील शाफ्टला मिळते. या पेटीला एक्सायटर म्हणतात. तिच्यातील शाफ्टवरचे वजन मुद्दाम एका अंगाला बसवलेले असते, त्यामुळे शाफ्ट फिरू लागला की संपूर्ण प्लेट मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० वेळा हादरते. ८०-९० किलो वजनाच्या यंत्राचा हा हादरा १५ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे दीड टन भाराइतका असतो. या थरथरीने मातीच्या कणांमधील घर्षण क्षणभर सुटते, बारीक कण मोठ्या कणांमधील पोकळीत सरकतात आणि हवा वर निघून जाते.

थोडक्यात, प्लेट वजनापेक्षा कंपनाने दाबते. पुढील बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात. यंत्रावर दगड ठेवून किंवा हँडलवर स्वतःचा भार टाकून दाब वाढत नाही, उलट कंपन दबते. तेच कंपन यंत्राचे नट-बोल्ट सैल करते, आणि तेच हँडलमधून तुमच्या हातात उतरते.

या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. एकाच शाफ्टची प्लेट फक्त पुढे जाते. ती हलकी असते, साधारण ६० ते १०० किलोंची. दोन शाफ्टची, पुढे आणि मागे दोन्हीकडे जाणारी प्लेट जड असते आणि अधिक खोलवर दाबते. नवशिक्याने सुरुवात पहिल्या प्रकारावर करावी.

२. माती आणि यंत्र यांची जोडी जमते का ते पाहा

वाळू, कच, खडी, मुरूम अशा सुट्ट्या, दाणेदार मालावर प्लेट उत्तम काम करते. चिकण मातीवर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण त्या मातीचे अतिसूक्ष्म कण ओलाव्याने एकमेकांना घट्ट धरून असतात आणि नुसत्या थरथरीने ती पकड सुटत नाही. तिथे उडी मारून ठोकणारा रॅमर लागतो, मोठ्या जागेवर मेंढीच्या खुरांसारखे उंचवटे असलेला रोलर लागतो. चिकण मातीवर प्लेट फिरवली की वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा पापुद्रा गुळगुळीत आणि चकचकीत होतो, पाहणाऱ्याचे समाधान होते, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर जमीन खचते.

यंत्र निवडताना त्याच्या नावपट्टीवरील तीन आकडे वाचावेत: वजन, किलोन्यूटनमधील जोर आणि मिनिटाची कंपने. "जड तेवढे चांगले" हा समज सर्रास ऐकू येतो. पण अरुंद चरात, भिंतीलगत किंवा पेव्हर ब्लॉकवर जड यंत्र नुकसानच जास्त करते.

३. जवळ काय काय हवे

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी आधी गोळा कराव्यात:

- यंत्राचे माहितीपुस्तक, आणि ते नसल्यास इंजिनाच्या मॉडेलचे तरी पुस्तक;
- किती तास चालले, तेल कधी बदलले याची नोंदवही;
- जमिनीखालील पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांचा नकाशा किंवा संबंधित विभागाची माहिती;
- यंत्र भाड्याचे असल्यास, ताब्यात घेतानाची त्याची स्थिती लिहिलेली पावती. प्लेटला आधीच असलेली भेग किंवा फुटलेले गार्ड पावतीवर लिहून घ्यावे आणि फोटो काढून ठेवावा.

हत्यारांमध्ये पान्यांचा संच, प्लगचा पाना, फीलर गेज (प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या), तारेचा ब्रश, माती खरवडायची पट्टी, नरसाळे, स्वच्छ फडकी, जादा स्पार्क प्लग आणि जादा बेल्ट असावा. अंगावर पोलादी टोपीचे बूट, कानांवर मफ किंवा प्लग, डोळ्यांवर चश्मा, हातमोजे आणि धूळ उडत असल्यास बारीक धूळ रोखणारा मास्क असावा. प्लेटची कड पायावर आली तर बोटे वाचतात ती बुटाच्या पोलादी टोपीमुळेच. चपलेवर हे काम करू नये.

४. जागा तपासा

कामाच्या पट्ट्यावर आधी पायी एक फेरी मारावी. मोठे दगड, मुळ्या, विटांचे तुकडे आणि लाकडे काढून टाकावीत. जमिनीखाली वाहिनी असेल तर तिच्यावर साधारण ३० सेंटीमीटर भराव होईपर्यंत थेट वरून प्लेट चालवू नये. त्याआधी वाहिनीच्या दोन्ही बाजूंची माती धुम्मसाने हलके चोपून घ्यावी. नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटजवळ आणि जुन्या कच्च्या भिंतीजवळ हेच पथ्य पाळावे, कारण कंपन प्लेटखाली थांबत नाही, ते जमिनीतून आडवेही पसरते. माती अडवणाऱ्या भिंतीमागचा भराव पातळ थरांत आणि हलक्या यंत्रानेच दाबावा.

चरात उतरायचे असेल तर दोन धोके आहेत. पहिला म्हणजे कंपनाने चराचे काठ ढासळणे. खोल चराला आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय आत उतरू नये, आणि काढलेल्या मातीचा ढीग काठापासून दूर ठेवावा. दुसरा धोका दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक वाईट आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खोल चरात, तळघरात, बंद गाळ्यात तो साचतो, आणि डोके जड होऊन मळमळू लागेपर्यंत माणसाची स्वतःहून बाहेर पडण्याची ताकद कमी झालेली असते. दार-खिडक्या उघड्या आहेत म्हणून बंद जागेत पेट्रोलचे यंत्र चालवता येते, हा समज चुकीचा आहे.

५. भराव आणि ओल

निम्मे काम इथे होते आणि निम्म्याहून अधिक चुकाही इथेच होतात. ८०-९० किलोच्या प्लेटसाठी एका वेळी १० ते १५ सेंटीमीटरपेक्षा जाड थर टाकू नये. वेळ वाचवण्यासाठी ३० सेंटीमीटर माल एकदम टाकून त्यावर वीस फेऱ्या मारणारे पुष्कळ भेटतात. कंपनाचा जोर खोलीबरोबर झपाट्याने कमी होत असल्याने खालचा अर्धा थर त्या वीस फेऱ्यांनंतरही सैलच राहतो. प्रत्येक थर फावड्याने आणि दंताळ्याने एकसारखा पसरावा. उंचसखल थरावर यंत्र उंचवट्यांवरच आदळत राहते आणि खड्डे तसेच राहतात.

ओलाव्याचे गणित सूक्ष्म आहे. कोरड्या मातीत कण एकमेकांवर घासतात आणि सरकत नाहीत. थोड्या पाण्याने ते सरकू लागतात. पाणी जास्त झाले तर पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाणी दाबले जात नाही. म्हणजे प्रत्येक मातीला एक नेमका ओलावा असतो, ज्यावर ती सर्वांत घट्ट बसते. अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये हा संबंध चाचणीच्या रूपात मांडला, आणि आजही प्रयोगशाळेत त्यांच्याच नावाने ती चाचणी होते. कामाच्या जागी हाताने करायची परीक्षा अशी: मूठभर माती घेऊन घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. गोळा होतच नसेल, तर माती कोरडी आहे. गोळा झाला, पण तळव्याला ओल चिकटली आणि खाली टाकल्यावर तो चपटा झाला, तर पाणी जास्त आहे. गोळा राहिला आणि खाली टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले, तर काम सुरू करायला हरकत नाही. खडीला आणि जाड, स्वच्छ वाळूला ही परीक्षा लागू पडत नाही.

पाणी मारायचे असेल तर झारीने किंवा नळीच्या फवाऱ्याने एकसारखे मारावे, मुरायला वेळ द्यावा आणि मगच प्लेट आणावी. चिखल झालेल्या जागेवर यंत्र फिरवून चिखल "बसवण्याचा" प्रयत्न करू नये. ती माती उकरून वाळू द्यावी किंवा बदलावी.

६. दोरी ओढण्यापूर्वीची तपासणी

यंत्र सपाट जागेवर ठेवून इंजिन ऑइल पाहावे. अनेक लहान इंजिनांत डिपस्टिक पुसून, न पिळता, नुसती तोंडावर टेकवून पातळी पाहायची असते. पिळून पाहिली तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तेल कमी झाल्यास इंजिन बंद पाडणारा सेन्सर पुष्कळ इंजिनांत असतो, पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नये.

त्यानंतर बोल्ट पाहावेत, विशेषतः एक्सायटर प्लेटला जोडणारे, इंजिन बसवणारे आणि हँडलचे. प्लेट आणि इंजिनाचा पाट यांच्यामध्ये रबराचे जाड गट्टू असतात. हँडल धरून यंत्र किंचित हलवावे आणि प्रत्येक गट्टूला भेग गेली आहे का ते जवळून पाहावे. बेल्टचे गार्ड जागेवर हवे. एअर फिल्टर उघडून एकदा नजर टाकावी. प्लेटच्या तळाला वाळलेली माती चिकटलेली असेल तर ती खरवडून काढावी, कारण तो जादा भार कंपन खातो.

पेट्रोल इंजिन थंड असतानाच भरावे, टाकी काठोकाठ भरू नये आणि सांडलेले पुसून वाफ उडून गेल्यावरच दोरीला हात लावावा. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या टाकीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते.

७. सुरू करणे

इंधनाचा कॉक उघडावा. इंजिन थंड असेल तर चोक, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप, बंद करावा, गरम असेल तर उघडा ठेवावा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा, कमी वेगाच्या स्थितीपासून किंचित पुढे घ्यावा आणि स्विच चालू करावा. दोरी आधी हळूच ओढून अडथळा जाणवेल तिथपर्यंत आणावी आणि मग एका दमात ओढावी. ओढलेली दोरी हातातून सोडून देऊ नये, हातानेच परत नेऊन ठेवावी. इंजिन लागल्यावर चोक हळूहळू उघडावा आणि दोन-तीन मिनिटे ते कमी वेगावर गरम होऊ द्यावे. या वेळात प्लेट हलता कामा नये. कमी वेगावरही ती थरथरत किंवा सरकत असेल, तर इंजिनाचा आयडल वेग (थ्रॉटल खाली असतानाचा वेग) जास्त आहे किंवा क्लच अडकला आहे. तसे यंत्र कामावर घेऊ नये.

मग थ्रॉटल झटकन पूर्ण उघडावा. सावधपणा म्हणून नवीन माणूस थ्रॉटल अर्ध्यावर ठेवतो, आणि क्लच जळण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. अर्ध्या वेगावर क्लच धड पकडतही नाही आणि धड सोडतही नाही. घासून तापतो, जळका वास येऊ लागतो, आणि प्लेटचे कंपनही अपुरे पडते. थ्रॉटलच्या दोनच स्थिती लक्षात ठेवाव्यात: उभे असताना कमी, काम करताना पूर्ण.

८. चालवणे

हँडल सैलसर धरावे. यंत्र स्वतःच पुढे जाते, तुम्ही फक्त दिशा द्यायची असते. ढकलल्याने त्याचा वेग वाढत नाही, दाबल्याने दाब वाढत नाही. पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेले आणि पाय प्लेटपासून सुरक्षित अंतरावर असावेत.

पट्टा कडेपासून सुरू करून आत यावे. कडेचा माल आधी बसला की मधला माल बाहेर सरकत नाही. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर ५ ते १० सेंटीमीटर चढवावा. वळताना यंत्र जागच्या जागी मुरडू नये, थोडा वळसा घेऊन वळवावे. एकाच जागी यंत्र चालू ठेवून थांबू नये, ते क्षणात खड्डा करते. कोणाशी बोलायचे असेल, माल यायचा असेल, तर थ्रॉटल खाली आणावा, आणि यंत्रापासून दूर जायचे असेल तर इंजिन बंद करावे. चालू यंत्र एकटे सोडले तर ते आपल्या वाटेने चालू लागते.

एका थराला साधारणतः तीन ते चार फेऱ्या पुरतात. पहिल्या फेरीत प्लेट मऊपणे रुतत जाते आणि आवाज भरीव, दबका असतो. थर बसत गेला की आवाज चढतो, कडक होतो, आणि प्लेट जमिनीवरून किंचित उसळू लागते. हा बदल कानाला एकदा कळला की तो पुन्हा विसरत नाही. उसळी सुरू झाल्यावर आणखी फेऱ्या मारू नयेत: वरचे दाणे फुटतात, बसलेला थर पुन्हा सुटू लागतो, आणि परत फिरणाऱ्या धक्क्याचा सगळा मार एक्सायटरच्या बेअरिंगवर बसतो. याच कारणाने टणक काँक्रीटवर किंवा खडकावर यंत्र पूर्ण वेगात चालवत नेऊ नये. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचे असेल तर इंजिन बंद करून चाकांच्या गाडीवर ठेवून न्यावे.

थर बसला की नाही याची ढोबळ खात्री १०-१२ मिलिमीटर जाडीची सळई हाताने रोवून करता येते. ती सगळीकडे सारखाच विरोध करत असेल तर काम एकसारखे झाले आहे. ज्या कामावर इमारत किंवा रस्ता उभा राहणार आहे, तिथे मात्र सळईवर भागवू नये. वाळू भरून जागेवरची घनता मोजण्याची चाचणी करून घ्यावी.

उतारावर यंत्र घसरले तर ज्या रेषेत येईल, त्या रेषेत उभे राहू नये. तेथे हँडल बाजूने धरावे आणि उतार किती चालतो ते पुस्तकात पाहावे. अनेक लहान इंजिनांना सुमारे २० अंशांपेक्षा जास्त कल चालत नाही, कारण त्यापुढे तेल सगळीकडे पोहोचत नाही. मागे येणाऱ्या प्लेटवर काम करताना पाठीमागे भिंत, खड्डा किंवा माणूस नाही हे प्रत्येक वेळी वळून पाहावे. चरात उलटे चालत येणारा माणूस यंत्र आणि चराच्या भिंतीमध्ये सापडणे, हा या प्रकारच्या यंत्राचा नेहमीचा धोका आहे.

९. पेव्हर ब्लॉक आणि डांबर

ब्लॉकवर नुसती लोखंडी प्लेट चालवली तर कडांचे टवके उडतात आणि पृष्ठभागावर ओरखडे येतात, म्हणून प्लेटखाली युरेथेनचा पॅड बसवावा. पहिली फेरी सांधे भरण्यापूर्वी मारावी. तिने ब्लॉक खालच्या वाळूत एका पातळीवर बसतात. मग कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरावी, वरची वाळू झाडून काढावी आणि पुन्हा फेरी मारावी. सांधे वाळू घेणे थांबवेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. ज्या कडेला अजून कर्ब किंवा आधार बसलेला नाही, तिच्यापासून सुमारे १ मीटर आतच थांबावे.

गरम डांबरी मिश्रणावर पाण्याची टाकी आणि फवारा असलेले यंत्र लागते. प्लेटखाली पाण्याचा पातळ थर राहिला की डांबर चिकटत नाही. पाणी जास्त सोडले तर मिश्रण अकाली थंड होते. तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर प्लेट फिरवून काही हाती लागत नाही, म्हणून माल उतरताच काम सुरू करावे.

१०. हात आणि कान

हँडलमधून येणाऱ्या कंपनाचा परिणाम तत्काळ दिसत नाही, आणि म्हणूनच माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात. आधी बोटांना मुंग्या येतात, पुढे थंडीत बोटांची टोके पांढरी पडू लागतात आणि बटण लावण्यासारखी बारीक कामे अवघड होतात. या टप्प्यानंतर ते पूर्ण बरे होईलच असे नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात ८ तासांच्या कामासाठी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपासून उपाययोजना सुरू करावी आणि ५ ही कमाल मर्यादा मानावी असे ठरवले आहे. तुमच्या यंत्राच्या पुस्तकात हँडलवरील कंपन ५ लिहिले असेल, तर पहिली पातळी दोन तासांतच गाठली जाते. ते १० असेल, तर अर्ध्या तासात. कंपन दुप्पट झाले की वेळ निम्मी होत नाही, चौथाई होते. कामाच्या पाळ्या लावताना हा हिशेब मुकादमालाही सांगावा. हातमोज्यांनी हात उबदार राहतात आणि ओरखड्यांपासून वाचतात, पण या कंपनाचा फारच थोडा भाग ते अडवतात. खरा उपाय म्हणजे माणसे आलटून पालटून लावणे आणि यंत्राचे रबरी गट्टू सुस्थितीत ठेवणे.

कानांबाबत साधी खूण पुरे आहे: १ मीटरवर उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर कान झाकलेच पाहिजेत. या यंत्राशेजारी तसेच बोलावे लागते.

११. बंद करणे, उचलणे, नेणे

थ्रॉटल झटकन कमी करावा, दोन-तीन मिनिटे इंजिन निवू द्यावे, स्विच बंद करावा आणि इंधनाचा कॉक बंद करावा. कॉकचे हे काम बहुतेक जण विसरतात. उघड्या कॉकसह यंत्र गाडीत हादरत गेले तर पेट्रोल कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर तेल पूर्वीपेक्षा वर दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर हेच झाले आहे असे समजावे. ते पातळ तेल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

उचलताना हँडल धरून उचलू नये. ते दिशा देण्यासाठी आहे. उचलण्याच्या कड्याला पट्टा लावून उचलावे, किंवा प्लेटवरील मुठींना धरून पुरेशा माणसांनी उचलावे. गाडीत यंत्र उभेच ठेवावे आणि दोन बाजूंनी बांधावे.

१२. देखभाल

रोज काम संपल्यावर तळ खरवडावा आणि यंत्र पुसावे. धुवायचे असेल तर थंड झाल्यावर, आणि जोराचा फवारा एअर फिल्टरवर किंवा इंजिनावर मारू नये.

इंजिन ऑइल नव्या यंत्रात पहिल्या २० तासांनी आणि नंतर साधारण दर १०० तासांनी बदलतात. अनेक लहान पेट्रोल इंजिनांना एसएई १०डब्ल्यू-३० चालते. तेल इंजिन कोमट असताना सोडावे, म्हणजे गाळासकट निघते.

एअर फिल्टर साफ करण्याची मुदत पुस्तकात ५० तास लिहिलेली असली, तरी हे यंत्र स्वतःच उडवलेल्या धुळीत श्वास घेते. कोरड्या कामावर तो रोज पाहावा. बाहेरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये भिजवून घट्ट पिळावा. आतला कागदी फिल्टर कधीही धुवू नये. तो हलकेच आपटावा किंवा आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारावी. बाहेरून हवा मारली तर धूळ कागदात रुतून बसते. फिल्टर काढून "तात्पुरते" चालवलेले इंजिन फार दिवस टिकत नाही.

बेल्टचा ताण इंजिन बंद असताना, गार्ड काढून, दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. गार्डच्या आत काळी भुकटी साचली असेल तर बेल्ट घसरत आहे किंवा पुली एका रेषेत नाहीत. हे काम करताना प्लगची कॅप काढून ठेवावी.

एक्सायटरचे तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळे असू शकते. प्रकार आणि प्रमाण पुस्तकातूनच घ्यावे. इथे "थोडे जास्त घातले तर बरेच" हा न्याय लागू होत नाही. जास्त तेलात वजन फिरताना अडते, पेटी तापते आणि इंजिन दमल्यासारखे चालते. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने झाडावी, कारण आत गेलेला वाळूचा एक चमचाही बेअरिंगला पुरेसा आहे. स्पार्क प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. नव्या यंत्राचे सगळे बोल्ट पहिल्या दिवसाअखेर पुन्हा आवळावेत.

१३. लक्षणावरून बिघाड ओळखणे

इंजिन लागत नाही: मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी स्विच, कॉक, चोक आणि ऑइलची पातळी या क्रमाने पाहावे. यंत्र तिरक्या जागेवर उभे असेल तर ऑइलचा सेन्सरच इंजिन लागू देत नाही. आधी ते सपाटीवर आणावे.

इंजिन जोरात, पण प्लेट मरगळलेली: बेल्ट सैल आहे, क्लचचे अस्तर झिजले आहे किंवा क्लचवर तेल गेले आहे. तळाला चिकटलेला चिखलही हेच लक्षण दाखवतो.

इंजिनच दबते आणि धूर काळा येतो: फिल्टर चोंदला आहे, चोक अर्धवट बंद राहिला आहे किंवा एक्सायटरमध्ये तेल जास्त आहे.

हँडल एकाएकी जास्त थरथरू लागले: एखादा रबरी गट्टू तुटला आहे. गट्टू एकेक न बदलता सर्व एकदम बदलावेत, नाहीतर नव्या-जुन्यांच्या फरकाने यंत्र एका बाजूला ओढते.

एक्सायटरमधून करकर किंवा खडखड येते, किंवा पेटी नेहमीपेक्षा फार तापते: यंत्र लगेच बंद करावे. बेअरिंगचे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे. फिरते वजन चुकीच्या कोनात बसले तर यंत्राचे कंपनच बदलते.

१४. महिना-दोन महिने ठेवून द्यायचे असेल तर

पेट्रोल साधारण महिनाभरात जुने होऊ लागते आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडते, म्हणून टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलेही काढावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल घालावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढून ते पसरू द्यावे आणि प्लग परत बसवावा. शेवटी अडथळा जाणवेल तिथे दोरी थांबवावी. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही. बेल्टचा ताण सैल करावा, तळाला तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र लाकडी फळीवर, कोरड्या जागी, हवा खेळेल अशा कापडाखाली ठेवावे. पुन्हा सुरू करताना बेल्ट ताणावा आणि ताजे पेट्रोल भरावे. पहिल्यांदा सायलेन्सरमधून निळसर धूर येईल. तो सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचा असतो आणि थोड्या वेळात थांबतो. थांबलाच नाही, तर इंजिन ऑइल प्रमाणाबाहेर भरले गेले आहे का ते पाहावे.